अकरा लाल खंड आणि कॅप्टनचा कोट

"इथे बसलेल्यांपैकी ही अकराच्या अकरा पुस्तकं शेवटपर्यंत वाचलेलं कुणी आहे का?"

वाचनालयाच्या वार्षिक सभेत भिंगरीने हा प्रश्न विचारला, तोही उभं राहून आणि अध्यक्षांची परवानगी न घेता. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. तो तिच्या दोन मैत्रिणींचा होता. चष्मिशने तो वहीच्या मागच्या पानावर लिहून पुढे सरकवला होता आणि मॉनिटर कानात कुजबुजली होती, "विचारलंस तर महिनाभर तुझं दप्तर शाळेत तिसऱ्या मजल्यापर्यंत मी नेईन. पण तू काय विचारतेस!" हे शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं. मागच्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही भिंगरीचा आवाज घशात अडकायचा. यंदा तो मोकळा झाला होता, आणि मोकळा झालेला आवाज कुठे वापरावा आणि कुठे वापरू नये, हा धडा अजून यायचा होता.

सभा सातव्या विषयापाशी आली होती. 'काजळग्रहाची गाथा' या अंतराळ-कादंबरीमालेचे अकरा खंड मोडीत काढायचे आणि त्या जागी वाचनालयाला मिळालेल्या ढालींसाठी काचेचं कपाट करायचं, असा तो विषय. यावर पाऊण तास घनघोर चर्चा झाली होती. भिंगरीच्या वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त प्राध्यापक म्हणाले होते की ही मालिका म्हणजे माणसाच्या भविष्याचा आरसा आहे. समोरच्या घरातले दातांचे डॉक्टर म्हणाले होते की आरसा वगैरे काही नाही, नुसती धूळ आहे, आणि धुळीने त्यांना शिंका येतात. दोघेही इतक्या खात्रीने बोलत होते की दोघांचंही खरं वाटावं.

भिंगरीच्या प्रश्नानंतर मात्र प्राध्यापक छताचं निरीक्षण करू लागले. डॉक्टरांनी रिकामा कप तोंडाला लावला आणि त्यातला चहा, जो नव्हता, सावकाश प्यायला. ग्रंथपालबाईंनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला, आणि बराच वेळ पुसतच राहिल्या.

अध्यक्ष तेवढे हसले. त्यांना ते काचेचं कपाट हवं होतं, कारण सहापैकी चार ढालींवर त्यांचं नाव होतं.

"छान प्रश्न आहे बाळ," ते म्हणाले. "मग तूच वाच की! सभा तहकूब करू. तीन महिन्यांनी पुन्हा भरेल. वाचण्यासारखी आहे की नाही ते तू लेखी द्यायचंस. तू म्हणशील ते मान्य."

सगळे हसले, टाळ्याही वाजल्या. आता बसावं, गोड हसावं आणि घरी जावं, एवढंच भिंगरीला करायचं होतं. तिच्या तोंडून शब्द निघाला, "वाचते."

झालं. इतिवृत्तात नोंद झाली.

घरी ही बातमी तिच्याआधी पोचली होती. बाबा दारातच हसत उभे होते. "अकरा खंड? तू?"

इथे बाबांविषयी सांगायला हवं. बाबा सुरू केलेली गोष्ट संपवतात. कडू औषधाची बाटली असो, रटाळ सिनेमा असो, नाहीतर शेजाऱ्यांनी दिलेला झणझणीत तिखट पदार्थ असो, ते डोळ्यांतून पाणी काढतील, पण संपवतील. आणि त्यांच्याच पोटी ही मुलगी! पोहायला घातली, तर पाण्यावर तरंगता येऊ लागल्यावर "आता बुडणार तर नाही ना, मग पुरे" म्हणून थांबली. विणायला घेतलेल्या स्वेटरची शेवटी पाण्याच्या बाटलीची टोपी झाली. रोजनिशी चार जानेवारीला संपली. एका जागी न टिकणारी म्हणून बाबांनीच तिचं नाव भिंगरी ठेवलं, आणि ते शाळेच्या दाखल्यावर सोडून सगळीकडे चिकटलं.

"बाबा, मी पूर्ण वाचलं तर?"

"तर तुला पुन्हा कधी भिंगरी म्हणणार नाही."

"लिहून द्या."

बाबांनी दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर लिहून दिलं, खाली सही केली. आई पोळपाट धूत होती. ती न वळता म्हणाली, "आणि गणित?"

"आधी गणित, मग काजळग्रह," भिंगरी म्हणाली. आईने यावर हूं केलं. आईच्या हूंचे चौदा प्रकार आहेत. हा 'बघू' या प्रकारातला होता.

दुसऱ्या दिवशी भिंगरी पुस्तक आणायला गेली, तर कळलं की पुस्तक मिळत नाही. म्हणजे पुस्तक समोर दिसत होतं. पण भिंगरीचं कार्ड बालविभागाचं, आणि मालिका मोठ्यांच्या विभागात, कारण तिच्यात ग्रह फुटतात. त्यासाठी विशेष परवानगीचा अर्ज, त्यावर पालकांची सही, एका सभासदाची शिफारस. 'पुस्तक नेण्याचे कारण' या रकान्यात भिंगरीने लिहिलं, 'वाचणे.' अर्ज परत आला. 'कारण पुरेसे नाही,' असा शेरा. तिने खोडून लिहिलं, 'तहकूब सभेच्या विषय क्रमांक सातच्या अंमलबजावणीकरिता.' अर्ज तिथल्या तिथे मंजूर. भिंगरीला त्या दिवशी वाटलं की आपल्याला मोठ्यांची भाषा यायला लागली, आणि थोडं वाईटही वाटलं.

ग्रंथपालबाईंनी शिक्का मारून पहिला खंड दिला. लाल रेक्झिनची जाडजूड बांधणी, पाठीवर सोनेरी 'एक.' "जपून," बाई म्हणाल्या. "एका वेळी एक. आठवड्याला एक. क्रमानेच मिळेल हां, मधला मागायचा नाही."

पहिल्या खंडाच्या पहिल्याच पानावर कॅप्टनला डावा हात नव्हता. तो का नाही, याचं त्या पानावर कुणालाच आश्चर्य वाटत नव्हतं. काजळग्रहावर ऊन रेशनवर मिळत होतं, हसण्यासाठी अर्ज करावा लागत होता, आणि महानियंत्रक नावाचा एक इसम भिंतींतून बोलत होता. कोण कुणाच्या बाजूने आहे हे कळायच्या आत चाळीसेक माणसं मेली. एकशे दहाव्या पानावर कॅप्टनने आपल्या बायकोची राख अंतराळात सोडली आणि शेवटच्या पानावर स्वतःचं जहाज एका ताऱ्यात घातलं. भिंगरी रडली. कॅप्टनसाठी नाही, कॅप्टन मेल्यावर उरलेल्या दहा खंडांत काय आहे, या विचाराने.

दुसऱ्या खंडात कॅप्टन जिवंत होता. तुरुंगात होता, पण जिवंत. दोन्ही हातांनी भिंतीवर रेघा ओढत होता.

तिसऱ्या खंडात त्याचं लग्न झालं. त्याच बाईशी.

भिंगरी थेट वरच्या मजल्यावर गेली. प्राध्यापकांनी तिला बसवलं, दाराची कडी लावली, जणू काही गुपित सांगायचं आहे. "हे बघ, काळ सरळ रेषेत चालतो हा आपला मध्यमवर्गीय समज आहे. इथे लेखकाने काळच मोडून टाकलाय."

"पण मग हात?"

"हात हे प्रतीक आहे."

"नसलेला की असलेला?"

"दोन्ही," ते म्हणाले. त्यांनी स्वतः किती वाचलंय असं विचारल्यावर त्यांनी पहिल्या खंडाचं नाव घेतलं आणि बाकीचे 'मनात' वाचले असल्याचं सांगितलं.

दातांच्या डॉक्टरांचं मत अधिक शास्त्रीय होतं. "हात परत उगवला असेल. भविष्यात सगळं उगवतं."

"मग दातसुद्धा?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. "असलं काही वाचत जाऊ नकोस," ते म्हणाले.

चष्मिश म्हणाली, "मधलं सोड. शेवटच्या खंडाचं शेवटचं पान वाच आणि दे लिहून." मॉनिटर दप्तर उचलून तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत उभी होती, तीही म्हणाली, "सोडच आता. आम्ही गंमत केली होती गं."

पण भिंगरी हट्टाला पेटली होती. गणित झालं की काजळग्रह, काजळग्रह झाला की झोप. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने तक्ता केला: कोण मेलं, कोण पुन्हा जिवंत झालं, कोण कुणाचा मुलगा. पाचव्या खंडापर्यंत त्या तक्त्यात एक मुलगा आपल्या आईपेक्षा अठरा वर्षांनी मोठा झाला. आई केर काढता काढता तक्त्यासमोर थांबायची, वाचायची आणि हूं करायची. हा हूं काळजीचा होता. बाबा मात्र खुशीत. "संपव, संपव!" ते म्हणत. "सुरू केलंस ना, मग संपवायचं."

अकराव्या आठवड्यात अकरावा खंड संपला. शेवटच्या पानावर सात वर्षांचा कॅप्टन, प्रत्येक खंडात दिसणारा तोच कोट, इथे भलामोठा, बाह्या दुमडून घालून, शाळेच्या यानाची वाट बघत फलाटावर उभा होता.

भिंगरीने पुस्तक मिटलं. साडेपाच हजार पानं. इतकी वर्षं लढून, मरून, लग्न करून, तुरुंगात जाऊन शेवटी हा माणूस शाळेत?

कॅलेंडरवरच्या वचनाप्रमाणे ती जिंकली होती. बाबांनी तिला खऱ्या नावाने हाक मारली. तिने ओ दिली नाही, कारण आपल्यालाच बोलावताहेत हे लक्षातच आलं नाही.

आणि मग तो कागद. अध्यक्षांनी लिफाफ्यातून पाठवलेला छापील नमुना: 'सदर मालिका वाचण्यासारखी आहे / नाही. नको असेल ते खोडावे.' खाली सहीसाठी रेघ. भिंगरी पेन घेऊन बसली. 'आहे' खोडावं तर अकरा खंड रद्दीत. 'नाही' खोडावं तर ते खोटं, कारण तिला ओ की ठो कळलं नव्हतं. शनिवारपर्यंत तिने पेनाचं टोपण चावून चपटं केलं. सभा रविवारी होती.

शनिवारी दुपारी आईने तिला खाली पिटाळलं. "ऊठ तिथून. शाळेचा स्कर्ट आखूड झालाय, शिवणाच्या मावशींकडे जाऊन उसवून घे. सहा महिन्यांत किती वाढलीस!"

मावशी तळमजल्यावर राहायच्या. त्यांच्या खोलीत दोन मशिनं, चिंध्यांचा डोंगर आणि टाचण्या खोवलेली एक उशी, आणि उरलेल्या टाचण्या मावशींच्या तोंडात. त्या ओठांच्या कोपऱ्यातून बोलायच्या. "उभी राहा नीट. तोंड का एवढंसं?"

भिंगरीने सगळं सांगितलं. मावशी खडूने खूण करत ऐकत राहिल्या. महानियंत्रकावर काही बोलल्या नाहीत, काळाच्या मोडतोडीवर काही बोलल्या नाहीत. कोटापाशी मात्र थांबल्या.

"बाही दुमडलेली होती?"

"हो. शेवटी, फलाटावर. सात वर्षांचा असतो ना तेव्हा."

"म्हणजे वाढत्या अंगाचा शिवलाय. कुणी शिवला?"

"आईने. सहाव्या खंडात. तो जन्मायच्या आधीच."

"मग बाही सोडलेली कधी?"

भिंगरी आठवू लागली. "लग्नात. तिसऱ्यात. लिहिलंय की कोट पहिल्यांदाच अंगाला नीट बसला."

"बटणं?"

"बटणं तुरुंगात काढून घेतात. दुसऱ्यात."

"आणि नंतर?"

"पहिल्या खंडात कोपराला ठिगळ आहे. आणि डावी बाही खांद्यापाशी टाचलेली. हातच नाही ना..." बोलता बोलता भिंगरीचा आवाज बारीक झाला.

मावशींनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोवल्या, हे त्या फारच महत्त्वाचं बोलायचं असेल तेव्हाच करतात. "अगं, नवा कोट आधी असतो की फाटका? तुला ही गोष्ट कुणी उलटसुलट करून दिली?"

भिंगरी अर्ध्या उसवलेल्या स्कर्टनिशी जिन्यावरून वर धावली, तक्ता घेऊन पुन्हा खाली आली. अकरा चिठ्ठ्या लिहिल्या. मावशींनी त्या कोटाप्रमाणे एका जुन्या चादरीवर टाचल्या: नवा, दुमडलेला, एक दुमड सोडलेला, अंगाला बसलेला, बिनबटणांचा, ठिगळाचा, बाही टाचलेला. सहा, अकरा, चार, नऊ, तीन, सात, दोन, दहा, पाच, आठ, एक. मुलगा आईपेक्षा लहान झाला. मेलेली बायको लग्नानंतर मेली. हात आधी होता, मग गेला. काहीही उगवलं नाही, काहीही मोडलं नाही.

आणि सगळ्यांनी ज्याच्यापासून सुरुवात केली होती, तो लाल रेक्झिनचा 'एक' हा शेवट होता.

वाचनालय बंद व्हायला वीस मिनिटं असताना भिंगरी तिथे पोचली, स्कर्टाची एक बाजू लोंबत. ग्रंथपालबाईंनी आधी ऐकून घेतलं नाही, मग ऐकून घेतलं, आणि मग कपाटातून दाखल-नोंदीचं जाडं रजिस्टर काढलं. पार्सल वाटेत फाटलं होतं. पुस्तकं पोत्यात भरून आली होती. पोत्यातून जसं हाताला लागलं तशी नोंद, आणि नोंदीप्रमाणे क्रमांक. मग वाचनालयाच्या शिस्तीप्रमाणे सगळी बाइंडरकडे. खंडाचा आकडा फक्त चित्राच्या वेष्टनावर छापलेला होता, आणि वेष्टनं फाटतात म्हणून बाइंडरने ती आधीच काढून टाकली होती.

"त्याने मला विचारलं होतं," बाई हळूच म्हणाल्या. "नंबर कुठले टाकू? मी म्हटलं, रजिस्टरप्रमाणे."

त्या खुर्चीत बसल्या. इतक्या कडक बाई बसल्यावर एवढ्या लहान दिसतात, हे भिंगरीला माहीत नव्हतं.

"बाई, तुम्ही वाचलंय?"

"पंचेचाळीस पानं. मग बंद केलं." बाईंनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "मला वाटलं, मलाच समजत नाही. ग्रंथपाल असून समजत नाही म्हणायचं कुणाला?"

भिंगरीला प्राध्यापकांचं छत आठवलं आणि डॉक्टरांचा रिकामा कप. सगळ्यांना हेच वाटलं होतं. सभेत मात्र सगळ्यांना सगळं समजलेलं होतं.

"आपण आत्ताच नंबर बदलू," ती म्हणाली.

"असं नाही बदलता येत. ठराव लागतो, उपसमिती लागते, रजिस्टरात लाल शाईने दुरुस्ती, तीन सह्या. आणि तू 'आहे' लिहिलं नाहीस तर उद्या मोडीतच निघणार ना!" बाई थांबल्या. मग ड्रॉवरमधून नियमांची पुस्तिका काढून चाळू लागल्या, आधी सावकाश, मग भराभर. एका पानावर बोट ठेवून त्यांनी ती भिंगरीकडे वळवली. नियम चौदा: संचातील एकही खंड वाचकाकडे असल्यास तो संच मोडीत काढता येणार नाही.

मग बाईंनी उघड्या खिडकीतून बाहेर बघितल्यासारखं केलं आणि त्या म्हणाल्या, "आज कुठला देऊ? क्रमाने हां."

रविवारी सकाळी आई-बाबा चहा घेत होते. सभेला दोन तास होते. भिंगरी टेबलापाशी येऊन उभी राहिली, हातात अध्यक्षांचा कागद. तिने त्यावर काहीच खोडलं नव्हतं. खाली स्वच्छ अक्षरात एक ओळ लिहिली होती, ती तिने मोठ्यांदा वाचली:

"'ही मालिका वाचण्यासारखी आहे की नाही हे सांगता येत नाही, कारण ती अजून कुणीच वाचलेली नाही. मीसुद्धा.'"

बाबांनी कप खाली ठेवला. "मीसुद्धा म्हणजे? तीन महिने काय करत होतीस?"

तिने सांगितलं. पोतं, रजिस्टर, कोट, नियम चौदा, सगळं. पाठीमागे लपवलेला लाल खंडही पुढे केला. बाबा ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे पुन्हा अकरा आठवडे? पुन्हा तो तक्ता? पुन्हा जेवताना महानियंत्रक?" बाबांचा आवाज चक्क कापला. "हे बघ, तू जिंकलीस. मी हरलो. कॅलेंडरवर दुसरी सही करतो. पण बाळा, एखादी गोष्ट अर्धवट सोडली तर काही बिघडत नाही गं!"

आपण काय बोलून बसलो हे बाबांच्या लक्षात आलं, पण वाक्य बाहेर पडलं होतं. आईने त्यांच्याकडे बघितलं, मग मुलीकडे, आणि हूं केलं. हा पंधरावा प्रकार होता. भिंगरीने तो पूर्वी कधीच ऐकला नव्हता, पण त्यात हसू होतं एवढं नक्की.

"गणित?" आईने विचारलं.

"आधी गणित. आणि बाबा, तुम्ही मला भिंगरीच म्हणा, दुसऱ्या नावाला मी ओ देत नाही." तिने खंड टेबलावर ठेवला, पाठ त्यांच्याकडे करून, सोनेरी आकडा दिसेल असा. "पण माझं ठरलंय. मी पहिल्यापासून वाचणार आहे. म्हणजे सहाव्यापासून."